गिरणीतली गाठ

आमच्या घरात एक नियम आहे. जिवंत माणसाचा जबडा बांधायचा नाही.

म्हणजे हनुवटीखालून फडकं घेऊन त्याची गाठ डोक्यावर मारायची नाही. मफलर नाही, रुमाल नाही, ओढणीही नाही. मेलेल्या माणसाचं तोंड उघडं राहू नये म्हणून तसं बांधतात, हे मला फार पुढे कळलं. नियम मात्र मी कळायच्या आधीपासून पाळत होते. लहानपणी मला गालगुंड झाले. चाळीतल्या बाकीच्या पोरांच्या गालांना लेप आणि वरून फडकी बांधलेली. माझा लेप उघडाच, सगळा उशीला पुसला जायचा. शाळेच्या गॅदरिंगला मला ससा केलं होतं. सशाच्या कानांची नाडी हनुवटीखाली बांधायची होती, ती आजीने कात्रीने कापून टाकली. बाईंनी मग मला झाड केलं. झाडाला कान नसतात आणि संवादही नसतात.

का, असं विचारलं तर आजी म्हणायची, "विचारूचा नाय." आई म्हणायची, अण्णांना आवडत नाही. आणि अण्णांना विचारायची सोयच नव्हती.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. लालबागच्या एका गिरणीत ते जॉबर होते, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. गिरणी कधीच गेली, पण घरात ते अजून जॉबरच आहेत. लहानपणी मला त्यांची एकच गोष्ट आवडायची. सूत तुटलं की मागावर जी बारीक गाठ मारतात, ती ते दोन बोटांत, न बघता मारून दाखवायचे. जितकी ओढाल तितकी घट्ट होते. सोडायची तर ओढायची नाही, एक पदर उलटा मोडून मागे ढकलायचा. घरात ही गाठ फक्त त्यांना येते. सोडायची कशी ते मला येतं, कारण पावसाळ्याच्या एका सुट्टीत मी हट्टाने शिकून घेतलं होतं.

आता चाळ राहिली नाही. त्याच जागेवर टॉवर उभा राहिला आणि आम्हाला वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. गॅलरी गेली, सार्वजनिक नळ गेला. नियम मात्र लिफ्टने वर आले.

तर, माझी अक्कलदाढ. उजवीकडची, खालची. आधी नुसती ठणकायची, मग गाल सुजला, मग तोंडात दोन बोटंसुद्धा जाईनात. परळला डॉक्टर मेघना म्हणून एक सर्जन आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी एक्स-रे पडद्यावर लावून दाखवला. दाढ सरळ उभी राहायच्या ऐवजी हिरडीत आडवी झोपली होती आणि पुढच्या दाढेला डोक्याने धक्के देत होती. आधी गोळ्यांनी सूज उतरवायची, मग शनिवारी सकाळी काढायची, असं ठरलं. उपाशी येऊ नको, नाश्ता करून ये, सोबत कुणालातरी आण, घरी मऊ भात आणि बर्फ तयार ठेव, असं सगळं त्यांनी नीट समजावलं. मी विचारलं की पुढे ढकललं तर चालेल का. त्या म्हणाल्या, "आत पू आहे. तो घशाकडे उतरला तर श्वास अडतो. तो तुझ्या सोयीचा वार बघणार नाही."

मी विचारलं, कारण रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. मुलाचं नाव हितेंद्र, एवढंच मला सांगण्यात आलं होतं. बाकी सगळं अण्णांनी ठरवलं होतं. मी घरी येऊन शनिवारचं सांगितलं तर अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पावणे येवन जावंदे. मगे काढ."

मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणतात. पू घशात उतरू शकतो.

तेव्हा त्यांनी वर बघितलं. रागाने नाही. कुणीतरी त्यांना जुन्या नावाने हाक मारावी तसं. मग परत पेपरात डोकं घालून म्हणाले, "सुजलेला तोंड घेवन पावण्यांसमोर बसतलंस? गप ऱ्हव."

मी गप्प राहिले नाही, भांडले, आणि मग शनिवारी न सांगता गेले. आईला माहीत होतं. तिने सकाळी लवकर उठून माझ्यासाठी मऊसूत उपमा केला, तो ताटलीखाली झाकून ठेवला, आणि ऑफिसला निघताना दारातून फक्त "जाऊन ये" म्हणाली. बाबा ड्यूटीवर होते.

सोबत प्रिती आली, माझी कॉलेजची मैत्रीण, भायखळ्याची. क्लिनिकच्या जिन्यातच तिचं सुरू झालं, की एवढीशी तर अक्कल, तीही आज काढून टाकणार, मग घरी नेऊ काय?

दाढ काढताना मला भीती वाटली नाही. खरंच नाही. इंजेक्शन टोचलं, थोड्या वेळाने उजवा ओठ जाड झाला, मग हनुवटीची उजवी बाजू गेली, मग अर्धी जीभ. गेली म्हणजे दुखायची थांबली एवढंच नाही. ती माझी राहिली नाही. मी बोट लावलं तर बोटाला ओठ कळत होता, ओठाला बोट कळत नव्हतं. डॉक्टरांनी दाढेचे तुकडे करून ते काढले. मला फक्त आवाज आला, शेजारच्या खोलीत कुणी लाकूड फोडतंय असा. मग टाके, मग कापसाची घडी दातांखाली.

"घट्ट चावून धर," डॉक्टर म्हणाल्या. "थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. आणि सध्या बोलायचं नाही."

प्रितीने लगेच सांगितलं, डॉक्टर, हे शेवटचं लिहून द्या, हिच्या घरी फ्रेम करून लावतील.

टॅक्सीत बर्फाची पिशवी गालावरून सारखी घसरत होती. प्रितीने गळ्यातली पांढरी सुती ओढणी काढली आणि म्हणाली, थांब, बांधूनच टाकते. हनुवटीखालून, कानांवरून, डोक्यावर. मला नियम आठवला. आठवला म्हणूनच मी मान पुढे केली. डोक्यावर तिने फुलपाखरासारखी सैल गाठ मारली, फोटो काढला आणि हसत बसली.

पुलाखालून जाताना ती फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "कोण दादा?"

मी तिच्याकडे बघितलं.

"आत्ता म्हणालीस ना तू... दादा. एकदम क्लिअर."

माझ्या तोंडात कापूस होता आणि दात घट्ट मिटलेले होते. मी फोनवर टाइप करून दाखवलं की मी काहीही बोलले नाही. इंजेक्शन चढलंय तुला, असं म्हणून तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मला भाऊ नाही. मी दादा कुणालाच म्हणत नाही.

प्रितीला पुढे काम होतं, तिने मला गेटवर सोडलं. भर दुपार होती. वॉचमन डुलकी घेत होता. लिफ्टमध्ये मी एकटी. दार बंद झालं आणि वास आला. लवंगेच्या तेलाचा. दातांच्या दवाखान्यातून आल्यावर कपड्यांना तो लागतोच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पण त्या वासात दुसराही एक वास होता. रॉकेलचा. वाती न पेटता नुसता धुमसणारा स्टोव्ह असतो, तसा. या इमारतीत रॉकेलचा थेंब कधी आला नसेल. लिफ्ट वर जात होती आणि माझ्या हनुवटीखालचं फडकं, बर्फ वितळून सैल व्हायला हवं होतं ते, सावकाश आवळत होतं.

आजीने दार उघडलं. हातात सोललेल्या वालांचं ताट होतं, उद्याच्या पाहुण्यांसाठी. ते तिच्या हातातून पडलं. वाल माझ्या पायांवरून बाहेर पॅसेजपर्यंत घरंगळत गेले. तिने ते बघितलेसुद्धा नाहीत.

अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. खिडकीतून ऊन आत आलेलं. त्यांनी मला बघितलं आणि पेपर त्यांच्या मांडीवरून घसरला.

"शेवंते..." ते म्हणाले.

हे नाव मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

आजीने दार लावलं, मला खुर्चीत बसवलं आणि कुजबुजत म्हणाली, "सोड तां. आदी तां सोड." तिची बोटं माझ्या डोक्यावर आली आणि थबकली. मीही हात वर नेला. प्रितीची फुलपाखरासारखी गाठ तिथे नव्हती. केसांत रुतलेली, हरभऱ्याएवढी, ओली, टणक गाठ होती. ती कसली ते माझ्या बोटांना लगेच कळलं.

आजीलाही कळलं. तिने अण्णांकडे वळून बघितलं. "अहो... ही तुमची गाठ."

अण्णांनी आपली दोन बोटं मुठीत मिटून घेतली.

आजी कात्री आणायला आत वळली. तेव्हा ते म्हणाले, अगदी हळू, "सोडू नको. बांधलेला आसा तवसर ती गप आसा. सोडलंस तर बोलतली."

आजी तिथेच जमिनीवर बसली, वालांच्या मधोमध. आणि तिने मला सांगितलं. अण्णांना नाही विचारलं, सांगू का म्हणून. एवढ्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच त्यांना न विचारता काही करताना बघत होते.

शेवंती अण्णांची धाकटी बहीण. माझ्याच वयाची होती. आजी तेव्हा नवी नवरी होती, चाळीतल्या एका खोलीत ही सगळी राहत. शेवंतीची दाढ सुजली. उजवीकडची, खालची. लवंगेचं तेल लावून झालं, शेक देऊन झाला. ताप चढला, तोंड उघडेना, पाणी गिळवेना. आजी म्हणाली, इस्पितळात नेऊया. अण्णा म्हणाले, कापाकापी झाली, गालावर व्रण राहिला तर हिला करणार कोण? शेवंतीला बघायला त्याच दिवशी पाहुणे येणार होते. ते चहा पिऊन जाऊ देत, मग नेऊ.

पाहुणे बसले बाहेरच्या अर्ध्या खोलीत. शेवंती पडद्यामागे, स्टोव्हजवळ, गोधडीवर. अंगात ताप आहे, पुढच्या वेळी बघा, असं त्यांना सांगितलं होतं. पण ती कण्हत होती, आणि पडद्यातून सगळं ऐकू जात होतं. अण्णा आत गेले. त्यांनी धोतराच्या फडक्याने तिचा जबडा बांधला, डोक्यावर गाठ मारली आणि तिला म्हणाले, पाहुणे जाईपर्यंत गप राहा. कण्हणं थांबलं. पाहुण्यांनी चहा घेतला. पोहे मागून घेतले. गावच्या गप्पा झाल्या. ते जिना उतरून गेल्यावर आजीने पडदा सारला.

आजीने जवळचा एक वाल उचलून मुठीत धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शेजारची म्हातारी इली, म्हणाली, जबडो बांधूक होयो. जबडो बांधूचो लागलोच नाय गो. बांधलेलोच होतो."

ते फडकं कुणी सोडलं नाही. ते तसंच गेलं तिच्याबरोबर.

पुढे माझ्या बाबांना लहानपणी गालगुंड झाले तेव्हा आजीने सगळ्या बायका करतात तसं फडकं बांधलं. सोडायला गेली तर गाठ वेगळीच. तिने कशीबशी कापली, आणि तो एवढासा पोरगा एका बाईच्या आवाजात बोलायला लागला. काय बोलतोय ते आजीला कळायच्या आत अण्णांनी त्याच्या तोंडावर हात दाबून धरला, आवाज थांबेपर्यंत. तो नियम त्या दिवसापासूनचा.

मी हे सगळं कापूस चावून ऐकत होते. माझ्या उजव्या गालात अजून काही कळत नव्हतं. पण फडक्याखाली, त्या बधिर बाजूला, काहीतरी हळूच हललं. झोपेतून उठणाऱ्या माणसाचे ओठ हलतात तसं. मला वाटलं होतं मी किंचाळेन. तसं झालं नाही. मला राग आला. अण्णांचा, त्या चहाचा, मागून घेतलेल्या पोह्यांचा.

मी दोन्ही हात डोक्यावर नेले.

"मने," अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "सोडू नको... सांगतंय तुका..."

ओढायची नाही. एक पदर उलटा मोडायचा आणि मागे ढकलायचा. गाठ सुटली. ओढणी मांडीवर पडली, बर्फाची पिशवी जमिनीवर. माझं तोंड उघडलं. गोळ्या घ्यायच्या आधी दोन बोटंही जात नव्हती, आता ते सहज, पूर्ण उघडलं. लाल झालेला कापूस बाहेर आला आणि माझा उजवा ओठ, जो मला कळतसुद्धा नव्हता, बोलायला लागला. डावी बाजू गप्पच होती.

"दादा... मी जागी आसंय."

घरात कुठेतरी स्टोव्ह धुमसत असल्यासारखा वास भरला.

"सगळा आयकतंय मी... पावणे गेले, दादा... गाठ सोड."

आवाज बारीक होता. भूत म्हणतात तसा मुळीच नव्हता. आजारी मुलीचा होता, जिला अजून वाटतंय की भाऊ सोडेल.

मग तो थांबला. माझी जीभ माझ्याकडे परत आली, अर्धीच. आजी अण्णांकडे बघत होती. "तुमका ठावक होता?" ती म्हणाली. "ती जागी होती... तां तुमका ठावक होता?"

अण्णा खुर्चीत परत बसले. त्यांनी पेपर उचलला, त्याची घडी घातली, मांडीवर नीट ठेवली. खिडकीबाहेर बघितलं. आणि खाकरून म्हणाले, नेहमीच्या आवाजात, जॉबरच्या, की झालं ते झालं. उद्या पाहुणे येणार आहेत. ही गोष्ट या घराबाहेर जाता कामा नये, जयवंताच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, कानावरसुद्धा नाही. वाल वेचून घ्या. आणि मला म्हणाले, "डॉक्टरान बोलू नको म्हणान सांगितलान मां? मगे गप ऱ्हव. उद्या पदर घेवन बस, सूज दिसाची नाय."

मला डॉक्टर मेघनांचं सगळं आठवत होतं. थुंकायचं नाही, बोलायचं नाही. मी तोंडात आलेलं रक्त गिळलं आणि बोलले.

"नाही."

तो शब्द स्वच्छ आला. बधिर बाजूनेही आला, माझ्याहून किंचित आधी.

"उद्या मी त्यांच्यासमोर बसणार नाही. आणि गप्पही बसणार नाही. आईबाबा आले की बाबांची शेवंतीआत्या कशी गेली ते त्यांना सांगणार आहे. उद्या ते लोक आले तर त्यांनाही सांगेन. तुम्हाला काही म्हणायचं असेल अण्णा, तर आत्ता म्हणा."

त्यांना म्हणायचं होतं. ते मला दिसलं. मानेच्या शिरा ताणल्या, छाती भरून आली, डोळे मोठे झाले. पण तोंड उघडलं नाही. जबडा खालून वर दाबल्यासारखा मिटलेला. गालांची सैल कातडी हळूहळू वर सरकली, कानांच्या पुढून एक पट्टा आत रुतला, आणि हनुवटीखालची दाढीची पांढरी खुंटं आडवी झाली. त्यांच्या तोंडावर काहीही नव्हतं. भर उन्हात बसले होते ते, सगळं स्वच्छ दिसत होतं.

आजी उठली. त्यांच्या मागे जाऊन तिने त्यांच्या विरळ केसांत बोटं घातली. टाळूवर आल्यावर बोटं थांबली. तिने ती एका जागी फिरवून फिरवून बघितली. मग तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्चीमागून बाजूला झाली. मला जागा करून दिली.

मी अण्णांजवळ गेले. नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता, गरम, घाबरलेला, पण चालू. तेवढं बघून मी मागे आले आणि खुर्चीत बसले.

"आता नाही," मी म्हटलं. "आईबाबांना येऊ दे. त्यांच्यासमोर सोडते. मग जे काय यायचं ते तुमच्याच तोंडून येऊ दे, अण्णा. मी कुणाला तोंडावर हात दाबू देणार नाही."

आजी खाली बसून वाल वेचायला लागली, एकेक, आवाज न करता.

मी मांडीवरची ओढणी प्रितीला परत द्यायची म्हणून उचलली. ती सुटलेली नव्हती. अजून गोल होती, डोक्याएवढी. आणि तिच्यावर प्रितीची ती फुलपाखरासारखी सैल गाठ जशीच्या तशी होती. म्हणजे मघाशी मी सोडली ती गाठ या ओढणीची नव्हतीच.